वटवाघूळ, गेंड्या भुंगा आणि एका घराला एकच अर्ज

आमची मधली मुलगी सरोजनी लग्न होऊन शेजारच्या रेयुनियाँ बेटावर गेली, त्या वर्षाची ही गोष्ट. लग्न ऑगस्टमध्ये झालं. पाहुणे गेले, मांडवाचे बांबू गेले, आणि घरात आम्ही तिघं उरलो: मी, माझी बायको सत्यवती आणि माझी मोठी बहीण अंजनीताई. अंगणात दोन झाडं. लिचीचं झाड ताईचं. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली, त्या वर्षी तिनं ते लावलं. माड सत्यवतीचा. पहिला मुलगा झाला तेव्हा तिनं जो नारळ पुरला, तो हा. एका अंगणात दोन बायकांची दोन झाडं असली की मधल्या पुरुषानं दुपारी कुठल्या सावलीत बसावं हेसुद्धा विचार करून ठरवावं लागतं. मी व्हरांड्यात बसतो.

सप्टेंबरात एका सकाळी ताई तांदूळ निवडत होती. खडा बाजूला टाकता टाकता म्हणाली, "भिवा, या वर्षी मला माझ्या झाडाची लिची खायची आहे."

"खा की. डिसेंबरात बाजारात आली की पहिली जुडी तुझी."

"बाजारातली नको. माझ्या झाडाची. चार वर्षं झाली, एक तोंडात गेली नाही. सगळी वटवाघळं नेतात. पुढच्या वर्षीचं मला काही सांगता येत नाही."

तांदूळ संपत आलेत, असं सांगावं तसं तिनं हे सांगितलं. ती ऐंशीची झाली होती. इस्पितळातून येताना पूर्वी दोन प्रकारच्या गोळ्या आणायची, आता पाच प्रकारच्या आणत होती, आणि डॉक्टर काय म्हणाला असं विचारलं की म्हणायची, "त्याच्या बायकोला मुलगा झाला." मी जे समजायचं ते समजलो. या वर्षी ताईला तिच्या झाडाची लिची मिळालीच पाहिजे, असं मी मनाशी ठरवलं.

त्याच आठवड्यात सत्यवतीनं मला अंगणात बोलावलं.

"अहो, वर बघा."

माडाच्या नव्या झावळ्या उघडल्या होत्या, पण शिंप्यानं कात्रीनं त्रिकोण कापावेत तशा कातरलेल्या. आमचा शेजारी गायतां मासे मारतो, आणि मासे नसतात तेव्हा लोकांच्या भिंती बांधतो. तो तारेचा आकडा घेऊन माडावर चढला आणि शेंड्यातून एक काळा भुंगा ओढून खाली आला. अंगठ्याएवढा, कपाळावर मागे वळलेलं शिंग, पाठ नव्या बुटासारखी चकचकीत.

"गेंड्या भुंगा," गायतां म्हणाला. "तोंतों, हा एकटा येत नाही. याचं खानदान असतं." गावात लहानमोठे सगळे मला तोंतों, म्हणजे काका, म्हणतात. गायतां माझ्यापेक्षा दोनच वर्षांनी लहान आहे, पण तोही म्हणतो.

"माझा माड मेला तर मी या अंगणात झाडू मारणार नाही," सत्यवती म्हणाली. हे तिनं मला सांगितलं, पण तोंड लिचीच्या झाडाकडे होतं.

आता पोस्टाच्या भिंतीवर एक कागद लागला होता. सरकारी योजना: फळझाडावर घालायला वटवाघळांपासून जाळी, किंवा माडासाठी भुंग्याचा सापळा आणि औषध. मी अक्षरं बावन्नाव्या वर्षी शिकलो, साखर कारखान्यातून सुटल्यावर, गावच्या बैठकेत, म्हणजे रात्रीच्या शाळेत, माझ्याहून निम्म्या वयाच्या मास्तरांकडून. जे लहानपणी शिकले त्यांना फॉर्म भरायचा कंटाळा असतो. मला हौस आहे. कुठेही रिकामा रकाना दिसला की मला तो भरावासा वाटतो. मी दोन फॉर्म भरले, एक लिचीचा, एक माडाचा, आणि इस्त्रीचा शर्ट घालून कचेरीत गेलो.

खिडकीशी मिस फझिला नावाची तरुण बाई होती. तिनं दोन्ही फॉर्म वाचले, अक्षर चांगलं आहे म्हणाली, आणि दोन्ही परत दिले.

"एका घराला एकच अर्ज, तोंतों."

"पण शत्रू दोन आहेत."

"मग मोठा कोण ते ठरवा."

"मी कसं ठरवू? एक उडतो आणि एक पोखरतो."

"दोघंही उडतात," ती म्हणाली. "तुलना करून आणा. एका कागदावर दोन रकाने. कोण किती वेळा येतो, काय खातो, किती नुकसान. जो मोठा ठरेल त्याचा अर्ज घेते. मग मी स्वतः पाहायला येईन."

मी घरी येऊन हे सांगितलं. सत्यवती म्हणाली, "ठरवा, ठरवा. बहिणीच्या बाजूनंच ठरवाल." ताई म्हणाली, "बायकोच्या बाजूनं ठरव रे, तुला तिच्या हातचं जेवायचं आहे." दोघींनी इतक्या मनापासून मोकळीक दिली की मला रात्रभर झोप आली नाही.

सल्ल्याला समोरचे रामसुरुन आले. हे उसाच्या मळ्यावर सिरदार, म्हणजे मुकादम, होते. आता मळा नाही, पण सिरदारकी आहे. त्यांनी माझी वही ओढून घेतली आणि स्वतःच रकाने आखले: वजन, भूक, येण्याची वेळ, शिंग आहे की नाही, आणि चारित्र्य.

"चारित्र्य कशाला?" मी विचारलं.

"भिवाजी, सरकारला कागद द्यायचा तर पुरा द्यावा."

अशा रीतीनं सहासष्ट वर्षांच्या वयात मी दोन जनावरांच्या मागे लागलो.

आधी वटवाघळाचं सांगतो. मी जन्मभर त्यांना संध्याकाळी डोंगराकडून येताना पाहत आलो आहे, पण ते कावळ्याकडे पाहावं तसं. खुर्ची टाकून, हातात वही घेऊन, पहिल्यांदाच पाहिलं. सूर्य अजून बुडालेला नसतो. घळीकडून पहिलं येतं, सावकाश, पंख मारत नाही, वल्हवतं. अंगावर सोनेरी केस, तोंड एखाद्या शहाण्या कुत्र्याचं, आणि पंख उघडले की माझ्या दोन हातांच्या पसाऱ्याच्या निम्मे. झाडावर येऊन एका पायानं उलटं लटकतं, दुसऱ्या पायानं फळ धरतं, आणि जेवायला बसलेल्या शिष्ट माणसासारखं इकडेतिकडे बघून मगच चावा घेतं. तेव्हा लिची अजून हिरवीच होती, तरी एकेक चाखून टाकून देत. सत्यवती बाजारात टोमॅटो असाच दाबून पाहते. वहीत मी "नुकसान" खाली आकडे लिहीत होतो, पण चौथ्या दिवशी पाहिलं तर आकड्यांच्या मधे मी लिहिलं होतं, "काय सुंदर वळलं." ते खोडावं लागलं.

एका संध्याकाळी एक मादी आली. तिच्या पोटाशी पिल्लू घट्ट धरलेलं. ते पोर आईच्या निम्म्याहून थोडंच लहान होतं. एवढं ओझं घेऊन ती डोंगरावरून आली, खाल्लं, आणि परत डोंगरावर गेली. सरोजनी लहान असताना मी तिला खांद्यावर घेऊन नुसता दुकानापर्यंत गेलो तरी बसायला बाक शोधायचो.

भुंग्यासाठी गायतांनं शेंड्यातून दुसरा एक काढून दिला. मी त्याला बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवला. झाकणाला भोकं पाडली. त्यानं पहिल्या संध्याकाळी झाकण उचललं. मी वर रामसुरुनांची काठी ठेवली. काठी गडगडली. मग वाटलेली डाळ भरलेली वाटी ठेवली. सकाळी वाटी जमिनीवर, डाळ मुंग्यांना, आणि भुंगा सत्यवतीच्या पूजेच्या फुलांत बसलेला. एवढ्या जीवानं स्वतःच्या कितीतरी पट वजन कपाळानं सारलं होतं. कारखान्यात आम्ही सहा जण मिळून जे पिंप हलवायचो, ते यानं एकट्यानं हलवलं असतं आणि घाम पुसला नसता. शिवाय घाई नाही. चारी बाजूंनी चाचपायचा, सांध शोधायचा, शिंग घालायचा, आणि मग उचलायचा. मी आमच्या बॉयलरवर इतका नीट कामगार पाहिला नाही.

"अहो, तो माझ्या माडाचा काळ आहे, आणि तुम्ही त्याला कौतुकानं केळं देताय," सत्यवती म्हणाली.

"जेवणाच्या रकान्यासाठी देतोय."

"मला तर कधी विचारलं नाही काय खाणार."

तुलनेत मला खरा धक्का बसला तो जेवणाच्याच रकान्यात. वटवाघूळ फळ खात नाही हो. चावतं, चोखतं, रस पितं आणि चोथ्याचा गोळा थुंकतं. लिचीखाली ते गोळे पडलेले असत. आणि भुंगा? तो माडाचा गाभा खात नाही. चावतो, रस पितो, आणि चोथा भोकाबाहेर ढकलतो. गायतांनं वरून मूठभर आणून दाखवला. मी दोन्ही चोथे व्हरांड्यात शेजारी शेजारी ठेवून बसलो, आणि ताई ऊस खात माझ्या शेजारी बसली होती. तिनं चोखून झालेलं चिपाड त्या दोन चोथ्यांच्या शेजारी टाकलं.

मी वहीत लिहिलं: "दोघांचा धंदा एकच. आमचाही तोच." चाळीस वर्षं मी ज्या कारखान्यात होतो, तिथे याहून वेगळं काय चालत होतं? अख्खं बेट ऊस पिळतं, रस ठेवतं आणि चिपाड फेकतं.

आणि चिपाड कुठे फेकतं, हा प्रश्न मला तेव्हा सुचला असता तर पुढचं टळलं असतं.

ऑक्टोबरच्या अखेरीला मिस फझिला आली. रबरी बूट घालून, हातात फावडं. मी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वही टेबलावर, वर ताईनं केलेला व्हॅनिलाचा चहा. तिनं वही सगळी वाचली. "चारित्र्य" या रकान्याशी ती थांबली. वटवाघळाखाली मी लिहिलं होतं, "उजेडात येतं, लपवत नाही." भुंग्याखाली, "कामसू, पण घरचा पत्ता लागत नाही."

"पत्ता लागेल," ती म्हणाली आणि अंगणात उतरली.

आता हे सांगायला हवं की जुलैमध्ये लिचीला बहर चांगला यावा म्हणून मी तिच्या बुंध्याभोवती कारखान्यातून मळी आणि चिपाडं आणून गुडघाभर ढीग घातला होता. आमच्या गावात सगळेच घालतात. कारखाना तोंडाशी आहे, ट्रॅक्टरवाला ओळखीचा आहे. ढीग घालताना वरून आणखी शेण घाला असा सल्ला रामसुरुनांनी दिला होता, आणि ते स्वतः काठी टेकून उभे राहून कुठे घालायचं ते दाखवत होते.

मिस फझिलानं ढिगात फावडं घातलं आणि उलटवलं. आत पांढऱ्या, लठ्ठ, वाटोळ्या अळ्या. लहान मुलाच्या मुठीएवढी एकेक. तिनं पुन्हा फावडं घातलं. गायतां कुंपणावर हात ठेवून मोजायला लागला. सत्तेचाळीसवर तो थांबला, कारण त्याला हसू आवरेना.

"ही सगळी भुंग्यांची पिल्लं," मिस फझिला शांतपणे म्हणाली. "ऊब आहे, शेण आहे, चिपाड आहे. इथे वाढतात, आणि मोठे झाले की सगळ्यात जवळचा माड गाठतात. तोंतों, तुम्ही लिचीला खत घातलं नाहीत. भुंग्यांचं बालघर काढलंत."

मी रामसुरुनांकडे पाहिलं. ते आकाशाकडे पाहत होते. "शेण मी थोडंच म्हटलं होतं," ते म्हणाले.

मी सत्यवतीकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. बहिणीच्या झाडाच्या पायाशी मी बायकोच्या झाडाचं मरण पाळलं होतं, उन्हाळी सुट्टीत पाहुणे सांभाळावेत तसं.

मिस फझिलानं फॉर्ममध्ये "कीड कुठून आली" या रकान्यात लिहिलं, "अर्जदाराच्या अंगणातून". मी तिला विनंती केली की निदान "शेजारून" लिहा. गायतां म्हणाला, "शेजारी मी आहे." तसंच राहिलं. माडासाठी काही मिळणार नाही, ढीग आधी काढा, लिचीसाठी जाळी मंजूर, असं सांगून ती गेली. वही मात्र मागून घेऊन गेली. कचेरीत सगळ्यांना वाचून दाखवते म्हणाली. माझ्या आयुष्यातलं पहिलं लिखाण सरकारनं असं ठेवून घेतलं.

ढीग मी एकट्यानं हलवला. अळ्या गायतांच्या कोंबड्यांनी खाल्ल्या. तीन दिवस त्या कोंबड्या माझ्या अंगणातून जायला तयार नव्हत्या. सत्यवती चार दिवस माझ्याशी बोलली नाही. माडाशी बोलायची. "तुझं काय चुकलं," असं बुंध्यावर हात ठेवून म्हणायची, मला ऐकू येईल इतक्या मोठ्यानं. संध्याकाळी ती पाठमोरी बसून केतकीची पात सोलत असायची. काहीतरी विणत होती. विचारायची माझी हिंमत नव्हती.

नोव्हेंबरच्या मध्याला जाळी आली. लिच्या तेव्हा गुलाबी व्हायला लागल्या होत्या. जाळी उलगडली तर झाडाच्या खांद्यापर्यंत पोचली. सरकारनं ज्या लिचीसाठी जाळी बनवली ती लिची माझ्या उंचीची असावी. आमची दुमजली घराएवढी.

"वर माझं जुनं जाळं जोडू," गायतां म्हणाला. "माशाचं आहे, पण फळाला काय कळतंय."

"डोळे मोठे आहेत त्याचे," मी म्हटलं.

"वटवाघूळ त्यातून जाईल इतके मोठे नाहीत."

हे खरं होतं. दोन दिवस आम्ही शिड्या लावून जाळी आणि जाळं शिवत होतो. रामसुरुन खाली खुर्चीवर बसून टाका कुठे घालायचा ते सांगत होते. सत्यवतीही न बोलता शिडी चढून फांद्यांत काही करून आली. झाडावर जाळं पडलं तेव्हा ते नवरीसारखं दिसत होतं. ताई काठी घेऊन तीनदा त्याच्याभोवती फिरली. "आता येऊ देत मेले," ती म्हणाली. त्या रात्री ती दोन घास जास्त जेवली.

तिसऱ्या संध्याकाळी किंकाळी ऐकू आली. माणसाची नव्हे, पण बाहेर धावावं अशी. गायतांच्या जाळ्याच्या भोकातून वटवाघूळ आत गेलं नव्हतं, पण त्याचा पंख गेला होता. मादी होती. जितकी धडपडे तितकं जाळं आवळे. छातीशी पिल्लू. ते आईला सोडत नव्हतं आणि आई फळं, जाळं, आम्ही, सगळं सोडून फक्त पिल्लू अडकू नये म्हणून दुसऱ्या पंखानं त्याला झाकून धरत होती.

गायतां शिडीवर चढला. जवळ जाऊन खाली आला. "गुंता फार आहे. सोडवता येणार नाही. जाळं कापलं तर वरचं सगळं फाटत जाईल, एकच दोरी आहे. नाहीतर सकाळपर्यंत..." तो थांबला. मग आपल्या सवयीनं म्हणाला, "पूर्वी आम्ही याचा रस्सा करायचो. माझी आई दालचिनी घालायची."

मी ताईकडे वळलो. लिच्या आता लाल झाल्या होत्या. दोन आठवडे थांबलं की तोडता आल्या असत्या.

"ताई, काय करायचं?"

"मला काय विचारतोस? कापा."

"सगळी फळं जातील."

"भिवा, तिच्या पोटाशी पोर आहे. तू वहीत एवढं लिहून ठेवलंस, आणि आता मला विचारतोस?" तिनं काठी जमिनीवर आपटली. "गायतां, सुरी घे. बोटं सांभाळ, चावेल ती."

गायतांनं हाताला गोणपाट गुंडाळून कापलं. मादी सुटली, क्षणभर फांदीला लटकून दम खाल्ला, पिल्लू नीट घेतलं आणि वल्हवत घळीकडे गेली. ताई ती दिसेनाशी होईपर्यंत मान वर करून पाहत होती. "ताकद बघ तिची," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या संध्याकाळपासून फाटक्या जाळ्यातून वटवाघळांचा सगळा गाव आला. मी त्यांना दोष देत नाही. आठवड्यात झाड मोकळं झालं. खाली चोथा, बिया आणि सालं. ताई व्हरांड्यातून पाहत असे. मला तिच्या समोर बसवेना. मी बाजारातून चांगली जुडी आणली. ती म्हणाली, "छान आहेत, तुम्ही खा," आणि एकही सोलली नाही.

डिसेंबरच्या पहिल्या रविवारी सत्यवतीनं गायतांला शिडी लावायला सांगितली. तो झाडाच्या मधल्या दाट फांद्यांत शिरला आणि एकेक करून सात पिशव्या खाली सोडल्या. केतकीच्या पातीच्या, तोंड दोरीनं आवळलेल्या. ती विणत होती त्या याच. तिनं त्या ताईपुढे ठेवल्या आणि पहिलीचं तोंड सोडलं. आत पूर्ण लाल लिचीचा घोस, एकही फळ चावलेलं नाही.

ताईनं घोस हातात घेऊन उलटसुलट पाहिला. "तू बांधल्यास?"

"पूर्वी सगळ्या बायका बांधायच्या, वन्सं. जाळ्या आत्ता आल्या."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही विचारलं कुठे? दोघं बहीणभाऊ सरकारकडे गेलात."

"आणि तुझा माड गं?"

"माड जाणारच आहे," सत्यवती म्हणाली. "दोन्ही झाडं गेली तर भांडायला काय उरेल?" मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, तुम्हीही घ्या. उभे काय राहिलात?" सहा आठवड्यांत तिनं मला आपण होऊन दिलेली ती पहिली गोष्ट होती.

ताईनं पहिली लिची सोलली आणि आधी सत्यवतीच्या तोंडात घातली. मग स्वतः अकरा खाल्ल्या. डॉक्टरनं गोड वर्ज्य केलं होतं. बिया ती ओंजळीत धरून बसली. रस हनुवटीवरून ओघळत होता, तो पुसू दिला नाही.

माड जानेवारीच्या वादळात शेंड्याशी मोडला. अंजनीताई त्यानंतर फेब्रुवारीच्या नऊ तारखेला, मंगळवारी सकाळी, घरीच गेली. ती ऐंशी वर्षांची होती.